ललिता पवार: सहायक अभिनेत्रीच्या कारकिर्दीचा अभ्यास

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर विद्यार्थ्यांना
१. 'सहायक भूमिका' ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
२. ललिता पवार यांच्या कारकिर्दीचे टप्पे सांगता येतील.
३. 'साचेबंद भूमिका' का तयार होतात, याची कारणे देता येतील.
४. एखाद्या सहायक भूमिकेचे कथानकातील कार्य तपासून पाहता येईल.

१. प्रस्तावना

रायपूर, दुर्ग, बिलासपूर या भागात मराठी कुटुंबे भोसल्यांच्या राजवटीपासून स्थायिक आहेत. चित्रपटांच्या वितरण व्यवसायात छत्तीसगड आणि विदर्भ एकाच विभागात मोडतात. या विभागाला आजही 'सीपी-बेरार' असे जुनेच नाव आहे. त्यामुळे मुंबईचे हिंदी चित्रपट इथे नियमित येत राहिले. मराठी चित्रपटांचे येणे मात्र मर्यादित होते. परिणामी इथल्या मराठी प्रेक्षकाला अनेक मराठी कलावंत हिंदीतूनच ओळखीचे झाले. ललिता पवार हे त्यातले ठळक नाव.

त्यांचे नाव काढले की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक, खाष्ट सासू. दुसरी, दूरदर्शनच्या 'रामायण' मालिकेतील मंथरा. चित्रपटांविषयी थोडे वाचलेल्यांना तिसरी गोष्टही माहीत असते: चित्रीकरणात बसलेल्या थपडेने डोळा अधू झाला आणि नायिकेची खलनायिका झाली. या तीन गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांच्यावरच थांबलो तर सुमारे साठ वर्षांची कारकीर्द एका अपघाताचा परिणाम म्हणून उरते. त्या काळात त्यांनी जे काम केले ते कशा प्रकारचे होते, हा प्रश्न मग विचारलाच जात नाही. या घटकात आपण तोच प्रश्न घेणार आहोत.

२. सहायक भूमिका म्हणजे काय?

'सहायक' या शब्दामुळे एक गैरसमज होतो. ही भूमिका लहान असते, दुय्यम असते, नायक-नायिकेला मदत करणारी असते, असे वाटते. प्रत्यक्षात सहायक भूमिका नायकाला मदत करतेच असे नाही. अनेकदा ती त्याची वाट अडवते. ती मदत करते ती कथानकाला.

नायक किंवा नायिका काहीतरी निवड करते: प्रेम, सत्य, बंड, त्याग. त्या निवडीची किंमत काय, हे प्रेक्षकाला कळावे लागते. आई रडली नाही, सासूने छळले नाही, घरमालकिणीने भाडे मागितले नाही, तर नायकाच्या निवडीला वजनच येत नाही. ते वजन निर्माण करणे हे सहायक भूमिकेचे मुख्य कार्य आहे. हाताशी वेळ थोडा असतो. नायिकेचा स्वभाव उलगडायला दोन-अडीच तास मिळतात. सहायक अभिनेत्रीला पाच-सात प्रसंगांत, कधी एकाच प्रसंगात, पूर्ण माणूस उभा करावा लागतो.

हॉलिवूडने या कामाला वेगळी मान्यता दिली ती १९३६ च्या चित्रपटांसाठीच्या ऑस्करपासून. त्या वर्षी सहायक अभिनेता व सहायक अभिनेत्री असे दोन नवे पुरस्कार सुरू झाले. पहिली विजेती गेल सॉन्डरगार्ड. तिची भूमिका कपटी स्त्रीची होती. मान्यता मिळाली तरी दर्जा समान नव्हता. सुरुवातीची काही वर्षे सहायक कलावंतांना ऑस्करची मूर्ती न देता फलक दिला जाई. पूर्ण आकाराची मूर्ती १९४४ च्या सोहळ्यापासून मिळू लागली. हॅटी मॅकडॅनियल हिला 'गॉन विथ द विंड'मधील मोलकरणीच्या भूमिकेसाठी हा पुरस्कार मिळाला आणि ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत ठरली. तरीही पुढे तिच्या वाट्याला बहुतेक मोलकरणीच आल्या. थेल्मा रिटर हिला याच विभागात सहा वेळा नामांकन मिळाले, पुरस्कार एकदाही नाही.

आपल्याकडे फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले आणि सहायक अभिनयाचे पुरस्कार पुढच्याच वर्षी आले. सहायक अभिनेत्रीचा पहिला पुरस्कार 'बादबान' चित्रपटासाठी उषा किरण या मराठी अभिनेत्रीला मिळाला.

३. पहिला टप्पा: अंबू ते ललिता (१९२८ ते १९४२)

ललिता पवार यांचे मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६, नाशिक जिल्ह्यातील येवला येथे. मूकपटांच्या काळात, १९२८ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी त्या पडद्यावर आल्या. पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीच्या मूकपटांत त्यांनी 'अंबू' या नावाने कामे केली.

या टप्प्यातील पुढील नोंदी महत्त्वाच्या आहेत.

(अ) १९३२ मधील 'कैलाश' या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता आणि त्यात त्यांनी तीन भूमिका केल्या.

(आ) १९३५ च्या 'हिम्मत-ए-मर्दां' या बोलपटात त्या नायिका होत्या. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. नायिकेला स्वतः गावे लागे आणि त्या गायल्याही.

(इ) १९३८ मध्ये 'दुनिया क्या है' हा टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' कादंबरीवर आधारलेला चित्रपट त्यांनी निर्माण केला.

(ई) भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर' (१९३९) आणि मास्टर विनायक यांचा, वि. स. खांडेकरांची कथा असलेला 'अमृत' (१९४१) या चित्रपटांत त्यांच्या भूमिका होत्या.

म्हणजे अपघाताआधी त्यांच्यामागे सुमारे चौदा वर्षांचे काम होते. मूकपटातला शब्दांविना अभिनय, बोलपटातले उच्चार, गाणे आणि निर्मितीचा हिशेब या सगळ्याची तयारी झालेली होती. पुढे जे घडले ते या तयारीवर घडले.

४. अपघात आणि त्यानंतरचा मार्ग

१९४२ च्या सुमारास 'जंग-ए-आझादी' चित्रपटाच्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारण्याचा प्रसंग होता. थप्पड अनवधानाने जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्याला इजा झाली. उपचार बराच काळ चालले. चेहरा पुष्कळसा सुधारला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

नायिकेच्या चेहऱ्याकडून तेव्हाच्या कॅमेऱ्याची अपेक्षा निर्दोष सौंदर्याची होती. ते दार बंद झाले. पुढचा मार्ग मात्र आपोआप उघडला नाही. १९४४ मध्ये प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाईच्या भूमिकेत दिसल्या. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या कटात 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका जिच्या नावावर आहे, ती ही आनंदीबाई. इथे सौंदर्यापेक्षा नजरेतला हिशेब महत्त्वाचा होता. पुढच्या सर्व कठोर स्त्रियांची चाहूल या भूमिकेत लागते.

अभ्यासकाने इथे एक फरक लक्षात घ्यावा. अधू डोळा हा अपघात. त्या डोळ्याचा वापर हा अभिनय. नजर तिरकी ठेवून समोरच्याला जोखणे, शब्द ओढून बोलणे, बोलण्याआधी क्षणभर थांबणे या गोष्टी त्यांनी जाणीवपूर्वक घडवल्या. याची खूण अशी की प्रेमळ भूमिकांत तोच डोळा मिश्कील वाटतो. दुखापत एकच, तिचा अर्थ भूमिकेनुसार बदलतो.

५. सासूचा साचा

व्ही. शांताराम यांच्या 'दहेज' (१९५०) या चित्रपटातील हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू ही त्यांची गाजलेली भूमिका. मुलीचा बाप शेवटी सगळे सामान घेऊन येतो, तोवर मुलगी मरणाच्या दारात असते. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ मध्ये झाला. त्याच्या अकरा वर्षे आधी हा चित्रपट आला होता. प्रेक्षकांना जो संताप यावा असे दिग्दर्शकाला वाटत होते, तो संताप पडद्यावरच्या सासूने आपल्या अंगावर घेतला.

यानंतर तशाच भूमिकांची रीघ लागली. साचा का तयार होतो, याची तीन कारणे देता येतात.

पहिले कारण आर्थिक आहे. प्रभात, बॉम्बे टॉकीज, न्यू थिएटर्स यांसारख्या कंपन्यांत कलावंत मासिक पगारावर असत. कंपनीला त्यांना वेगवेगळ्या भूमिकांत वापरणे परवडे. १९४० च्या दशकात ही व्यवस्था मोडली आणि प्रत्येक चित्रपटासाठी स्वतंत्र करार होऊ लागले. आता निर्मात्याला खात्री हवी असे. एका सासूने तिकिटे खपवली की दुसऱ्या चित्रपटालाही तीच सासू लागे.

दुसरे कारण कथनाचे आहे. ललिता पवार दारात उभ्या राहिल्या की प्रेक्षकाला पुढचे कळे. ओळख करून देण्याचे दोन प्रसंग वाचत.

तिसरे कारण सामाजिक आहे. घरातल्या स्त्रीच्या छळामागे मालमत्ता, वारसा, जात आणि पुरुषांचे मौन असते. पडद्यावर हे सगळे दाखवणे अवघड. एक सासू दाखवणे सोपे. त्यामुळे व्यवस्थेचा राग एका बाईवर निघतो. ललिता पवार यांच्या भूमिका पाहताना हा प्रश्न विद्यार्थ्यांनी प्रत्येक वेळी विचारावा: ही बाई एवढी सत्ता गाजवते, ती तिला दिली कोणी?

याला जोडून वयाचा मुद्दा येतो. 'दहेज'च्या वेळी त्यांचे वय ३४ होते. 'जंगली'मध्ये (१९६१) त्या शम्मी कपूर यांची आई झाल्या. दोघांच्या वयात सुमारे पंधरा वर्षांचे अंतर होते. पडद्यावर स्त्री पुरुषापेक्षा फार लवकर म्हातारी होते. हे एकट्या ललिता पवार यांच्या बाबतीत घडले नाही. 'कंगन', 'बंधन' आणि 'झूला' या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांच्या नायिका लीला चिटणीस १९४८ च्या 'शहीद'पासून नायकाची आई म्हणून दिसू लागल्या. त्यांच्या चेहऱ्याला कुठलाही अपघात झाला नव्हता. म्हणून थप्पड बसली नसती तर ललिता पवार कायम नायिका राहिल्या असत्या, हे गृहीत धरता येत नाही. वयाने तेच दार काही वर्षांत लावलेच असते.

६. साच्याच्या आतले वैविध्य

आता चार भूमिका शेजारी ठेवून पाहू.

'श्री ४२०' (१९५५) मध्ये त्या केळी विकणाऱ्या गंगामाई आहेत. मुंबईत नुकत्याच आलेल्या राजशी त्यांची गाठ पडते ती केळ्यांच्या भावावरून. त्या फटकळ आहेत, भाव सोडत नाहीत. पण फुटपाथवर राहणाऱ्यांच्या जगात माणुसकी आहे, हे राजला आणि प्रेक्षकाला पहिल्यांदा त्यांच्यामुळेच कळते. पुढे राज पैशाच्या मागे लागतो तेव्हा त्याने काय गमावले हे आपल्याला समजते, कारण गंगामाई आपल्या लक्षात राहिलेल्या असतात.

त्याच वर्षीच्या, गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये त्या सीतादेवी आहेत: स्त्रियांच्या हक्कांसाठी चळवळ करणारी, पुरुषांवर विश्वास नसलेली श्रीमंत आत्या. मृत्युपत्रातील अटीमुळे भाचीचे लग्न लावणे भाग असते, म्हणून ती एका बेकार व्यंगचित्रकाराशी नावापुरते लग्न ठरवते. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्येच झाला आणि घटस्फोटाची तरतूद त्यात आली. चित्रपट त्या वादावर विनोदाच्या अंगाने बोलतो आणि झुकते माप परंपरेला देतो. सीतादेवीची थट्टा व्हावी अशीच संहितेची रचना आहे. ललिता पवार तिला विदूषक करत नाहीत; तिची करारी ऐट त्या शेवटपर्यंत सांभाळतात. त्यामुळे आजच्या प्रेक्षकाला तिचे म्हणणे वेगळ्या कानांनी ऐकता येते.

१९५९ हे वर्ष तर तुलनेसाठी नेमके आहे. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त त्या जातीचे सोवळे पाळणाऱ्या वृद्धेच्या भूमिकेत आहेत. ती दुष्ट नाही. आपण धर्माने वागतो अशी तिची पक्की समजूत आहे आणि त्यामुळेच ती भीतिदायक वाटते. त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी'त त्या मिसेस डिसा आहेत: खोली भाड्याने देणारी, वरवर कडक बोलणारी ख्रिस्ती घरमालकीण, जिचा भोळ्या भाडेकरूवर पोटच्या मुलासारखा जीव आहे. भेसळीच्या औषधाने तिचा मृत्यू होतो आणि खुनाचा आळ त्याच मुलावर येतो. चित्रपटाचा नैतिक प्रश्न, म्हणजे नफ्यासाठी माणसे मरू द्यायची का, हा या एका मृत्यूवर उभा आहे. मिसेस डिसा आपल्याला जवळच्या वाटल्या नाहीत तर तो प्रश्न कोरडाच राहील. या भूमिकेसाठी १९६० मध्ये त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. नायक राज कपूर त्यांच्यापेक्षा जेमतेम साडेआठ वर्षांनी लहान होते, हे चित्रपट पाहताना मनात येत नाही.

गंगामाई आणि मिसेस डिसा या 'चांगल्या' भूमिका आणि 'दहेज'ची सासू 'वाईट', अशी विभागणी सोयीची आहे, पण ती पुरी पडत नाही. या तिघींचा बाहेरचा ठसा एकच आहे: आवाजात जरब, चेहऱ्यावर राठपणा. फरक आतल्या कारणाचा आहे. सासूचा राठपणा सत्तेसाठी, गंगामाईचा पोटासाठी, मिसेस डिसांचा एकटेपणा झाकण्यासाठी. प्रत्येक कठोर बाईला तिचे स्वतःचे कारण देणे, हे ललिता पवार यांच्या अभिनयाचे सूत्र म्हणता येईल.

'प्रोफेसर' (१९६२) मध्ये याच सूत्राचा विनोदासाठी उपयोग झाला. घरातल्या मुलींना करड्या शिस्तीत ठेवणाऱ्या सीतादेवी म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या वेशातील तरुणाच्या प्रेमात पडतात. हसू येते, पण ज्या बाईला आयुष्यभर कोणी प्रेमाने हाक मारली नाही तिची लाजरी उमेदही त्यात दिसते. पुढे 'आनंद' (१९७१) मध्ये हृषीकेश मुखर्जींनी त्यांना रुग्णालयातील मेट्रनची भूमिका दिली आणि नाव पुन्हा डिसाच ठेवले. जुन्या प्रेक्षकाला ही खूण लगेच पटली असेल.

७. मंथरा

रामानंद सागर यांच्या 'आँखें' (१९६८) या चित्रपटात ललिता पवार यांनी देशाविरुद्ध कट करणाऱ्या टोळीतील स्त्रीची भूमिका केली होती. त्याच सागरांच्या 'रामायण' मालिकेत (१९८७-८८) त्या मंथरा झाल्या, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती.

छत्तीसगड म्हणजे प्राचीन दक्षिण कोसल. कौसल्येचे माहेर इथलेच, अशी श्रद्धा आहे आणि रायपूरजवळ चंदखुरी येथे तिचे मंदिर आहे. त्यामुळे इथल्या श्रोत्याला अयोध्येच्या राजवाड्यातला तो प्रसंग आपल्या लेकीच्या सासरी घडल्यासारखा जवळचा वाटतो. मंथरा ही कैकेयीबरोबर तिच्या माहेराहून आलेली दासी. कथानकात तिचे काम एकच: कैकेयीच्या मनात संशय पेरणे. तो पेरला गेला नाही तर वनवास नाही, आणि वनवास नाही तर रामकथाच पुढे सरकत नाही. सहायक भूमिकेच्या कार्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. ललिता पवार यांची मंथरा ओरडत नाही. ती कैकेयीच्या भल्याचे बोलते. आपल्या बाईचे हित पाहणारी जुनी दासी म्हणून तिचे ऐकले जाते, आणि म्हणूनच विष उतरते. २०२० च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा दाखवली गेली तेव्हा त्यांच्या निधनाला बावीस वर्षे झाली होती, तरी नव्या पिढीलाही ही मंथरा ओळखीची झाली.

८. समारोप

ललिता पवार यांना १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची कारकीर्द 'अपघातामुळे खलनायिका' या एका वाक्यात सांगितली जाते. या घटकातील विवेचनावरून दिसते की त्या वाक्यात तीन गोष्टी सुटतात: अपघातापूर्वीची चौदा वर्षांची तयारी, वयाबरोबर स्त्री कलावंतांची वाट अरुंद करणारी व्यवसायाची रीत, आणि अरुंद वाटेतही प्रत्येक बाई वेगळी उभी करण्याचे कौशल्य. अपघाताची गोष्ट सांगावी, पण तिच्यापाशी थांबू नये. नायिकांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. ज्यांच्यामुळे नायिकेच्या दुःखाला वजन आले, त्यांचा इतिहास अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही.

स्वाध्याय

१. 'सहायक भूमिका नायकाला नव्हे, कथानकाला साहाय्य करते.' हे विधान 'अनाडी'तील मिसेस डिसा यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. मासिक पगाराची कंपनी-पद्धत मोडल्यामुळे साचेबंद भूमिका का वाढल्या?
३. 'सुजाता' आणि 'अनाडी' हे एकाच वर्षातील चित्रपट पाहून ललिता पवार यांच्या आवाजातील व नजरेतील फरक नोंदवा.
४. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या आठवणीतील एक सहायक अभिनेत्री विचारा. तिची भूमिका कथेतून काढून टाकल्यास कथेचे काय होईल, ते दहा ओळींत लिहा.